आग्रह भाजीचाही होऊ द्या

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक शादी होती. दस्तरख्वानावर आम्ही सगळ्याजणी मोठ्या जाऊबाईंच्या भोवती बसलो होतो. सगळा मोहल्ला त्यांना भाभी म्हणतो, म्हणून इथेही भाभीच म्हणू. त्यांनी बिर्याणी थोडीच घेतली होती. आमच्यापैकी एकीने डावभर आणखी वाढली. त्या नको नको म्हणाल्या. समोरच्या खालांनी मटणाचा तुकडा घातला, ननंदेने 'माझी कसम' म्हणत दुसरा. मग जर्दा आला, मग त्यावर थंड सरबत. भाभींनी सगळं संपवलं, कारण ताटात अन्न टाकणं त्यांना कधीच जमलं नाही.

पंधरा दिवसांनी त्या ओट्याजवळ चक्कर येऊन बसल्या. दवाखान्यात रक्त तपासलं, साखर बरीच वाढलेली निघाली. त्याहून मोठा धक्का पुढे बसला. ही गोष्ट त्यांना आठ महिन्यांपूर्वीच कळली होती. गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यामागे होती. का सांगितलं नाहीत, असं विचारल्यावर म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्या माझ्या ताटाकडे बघत बसला असता." (अर्थात हे त्या आमच्या दखनीत म्हणाल्या, पण मराठीतही ते तेवढंच टोचतं.)

त्या दिवसापासून आम्ही पाचजणींनी जे काही केलं, जे फसलं आणि जे थोडंफार जमलं, ते वाचकांपुढे ठेवावं असं वाटलं. आम्ही म्हणजे भाभी, आम्ही दोघी धाकट्या जावा, ननंद आणि शेजारच्या खाला. गाव मलकापूर, शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे लागणारं.

आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम. पाहुण्याने एकदा नको म्हटलं तर ती तकल्लुफ समजायची, दोनदा म्हटलं तर लाज, आणि तिसऱ्यांदा म्हटलं तर आपला स्वयंपाक आवडला नाही म्हणून रुसायचं. पण हा आग्रह कशाचा? मटणाचा, भाताचा, गोडाचा. 'अजून थोडी मेथी घ्या, माझी कसम' असं कुणाच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. भाजी म्हणजे महिनाअखेरीचं जेवण, मटण आणायला जमलं नाही त्या दिवसाचं. पाहुण्यापुढे नुसती भाजी ठेवली तर घराची अब्रू जाते असं आपल्याला वाटतं. ही समजूत आमच्याही घरात होती, कबूल करायला हरकत नाही.

सुरुवात आम्ही वजनकाट्याने केली. शाळेत मापनाचा धडा शिकवता शिकवता सुचलेली ही कल्पना. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात दिवसाला दोन हजार उष्मांकांच्या आहारात साधारण ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. ताटाचा निम्मा भाग भाजी-फळांचा. जागतिक आरोग्य संघटना दोन्ही मिळून किमान ४०० ग्रॅम म्हणते, आणि त्यात बटाटा धरत नाही. आमच्या घरात सहा माणसं. म्हणजे दिवसाला दोन किलो चारशे ग्रॅम भाजी हवी. आठवडाभर चिरण्याआधी भाजी तोलली. बटाटे वगळले तर एकाही दिवशी किलोभर भरली नाही. रविवारी तर कांदा, कोथिंबीर आणि दोन टोमॅटो एवढीच भाजी घरात शिजली होती. आपण भाजी खातो असं आम्हाला मनापासून वाटत होतं, काट्याने ते खोटं ठरवलं.

मग काही दिवस आम्ही उपदेश केला. तो कसा फसला ते सांगण्यासारखं आहे. भाभींच्या पुढे वेगळं ताट ठेवलं: उकडलेली भाजी, अर्धी भाकरी, कमी मीठ. बाकीचे सगळे तांबडा रस्सा ओरपत होते. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, मला भूक नाही. एकीने तर 'किती सुटलात तुम्ही' असंही बोलून टाकलं. दोन आठवडे भाभी आमच्यात जेवायला बसल्या नाहीत.

त्याच दिवसांत हजरत अनस (रजि.) यांची एक हदीस पुन्हा वाचनात आली. सहीह बुखारीतली आहे आणि आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलावलं. जवाची रोटी होती, रस्सा होता, त्यात दुधी आणि सुकवलेलं मांस होतं. प्रेषित (स.) भांड्यातल्या दुधीच्या फोडी शोधून शोधून खात होते. अनस (रजि.) सांगतात की त्या दिवसापासून त्यांना दुधी आवडू लागला. आजवर ही हदीस आम्ही दुधीचे गुण सांगण्यासाठी ऐकली होती. या वेळी दुसरंच लक्षात आलं. अनस यांना दुधी खा असं कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी बसलेलं प्रिय माणूस तो आवडीने खात होतं, एवढंच. आणि दुधी वेगळ्या ताटात नव्हता, मांसाच्याच रश्श्यात होता.

भाभींचं वेगळं ताट त्याच दिवशी बंद झालं. जे त्यांचं, तेच सगळ्यांचं.

हे वाटतं तेवढं कठीण नाही, कारण आपल्या जुन्या स्वयंपाकात ही सोय आहेच. आमच्या सासूबाईंच्या काळात नुसतं मटण क्वचितच शिजायचं. अंबाडी गोश्त, मेथी गोश्त, पालक गोश्त, दोडका गोश्त. पाव किलो मटणात दोन मोठ्या जुड्या भाजी जायची आणि दहा माणसं जेवायची. दालच्यात दुधीच्या फोडी डाळीइतक्या असायच्या. हातात पैसा आला तसं मटण वाढलं आणि भाजी ताटातून निघून गेली. आम्ही प्रमाण पुन्हा उलटं केलं. अर्धा किलो मटणाला किलोभर भाजी. चवीला काही कमी पडत नाही, उलट अंबाडीच्या आंबटपणाने रस्सा खुलतो. दुधीचा तुकडा आधी चाखून मात्र बघावा. कडू लागला तर सरळ टाकून द्यावा, कडू दुधी अंगाला बाधतो.

पावसाळ्यात तर आपल्या भागाला भाजी विकतही घ्यावी लागू नये अशी स्थिती असते. घाटाकडच्या वाड्यांतल्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू घेऊन येतात. टाकळ्याची कोवळी पानं कांद्यावर परतली की शेजारच्या घरात वास जातो. भारंगी कडू असते, उकळून पाणी पिळून टाकावं लागतं. करटुली महाग, पण वर्षातून चार वेळा तरी खावीत. राज्याचं कृषी खातं ऑगस्टच्या सुमारास ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरवतं, तिथे या भाज्या ओळखायलाही शिकता येतात. ओळख नसताना रानातून काही तोडून आणू नये; आणणाऱ्या बाईलाच विचारावं, ती निवडायचं आणि शिजवायचंही सांगते. आमच्या ननंदेने कुर्डूची भाजी अशीच रस्त्यावर उभ्या उभ्या शिकून घेतली.

एक गोष्ट खास मुलींच्या आयांसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. वर्गात प्रार्थनेला उभ्या राहून भोवळ येणाऱ्या मुली आम्ही दरवर्षी बघतो. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह अंगी जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. चहाची वेळ तासभर पुढे ढकलायला पैसे लागत नाहीत. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या मात्र चालूच ठेवाव्यात, भाजी त्यांची जागा घेत नाही.

आता चालण्याबद्दल. इथे पहिली अडचण दमण्याची नव्हती, 'लोक काय म्हणतील' ही होती. पुरुष इशानंतर चौकापर्यंत फिरून येतात, कुणी वळून बघत नाही. बाई बिनकामाची चालताना दिसली की चौकशी सुरू होते: कुठे निघालात, घरी सगळं ठीक ना? २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासात भारतातल्या सुमारे निम्म्या प्रौढांची हालचाल गरजेपेक्षा कमी असल्याचं दिसलं. पुरुषांत ४२ टक्के, स्त्रियांत ५७. हा फरक आळसाचा नाही. मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचं मैदान बंद होतं, आणि पुढे चाळिशीत डॉक्टर तिलाच सांगतात, व्यायाम करा. कुठे करायचा?

घरकाम हा व्यायामच नाही का, असं खालांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. घरकामही हालचालीत धरतात. पण मिक्सर, वॉशिंग मशीन आणि दारात स्कूटर आल्यावर श्वास वाढेल असं काम किती उरलं? कसोटी सोपी आहे: चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतका वेग हवा. मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे रोज अर्धा तास आणि दोन दिवस सुट्टी. शाळकरी मुलांना रोज तासभर.

फजरनंतर उजाडलं की निघायचं ठरलं. हमरस्त्याला रत्नागिरीकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग असते, म्हणून तो टाळून आम्ही शाळी नदीच्या बाजूचा आतला रस्ता धरला. नियम एकच केला: फोन करायचा नाही, दारावर थाप मारायची. फोनला 'आज नाही गं' म्हणता येतं. दारात चपला घालून उभ्या असलेल्या बाईला तसं म्हणणं अवघड जातं. पहिल्या आठवड्यात भाभींनी तीनदा दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी आम्ही पायरीवरच बसलो. त्या चहा घेऊन बाहेर आल्या, आणि चहा संपल्यावर चपलाही घातल्या. त्या दिवशी जेमतेम दहा मिनिटं चाललो.

पावसाळ्यात इकडे दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा खालांच्या लांब पडवीत येरझाऱ्या घातल्या, जिन्यावर चढ-उतार केली. हसू यायचं, पण खंड पडला नाही. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालणं सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावं आणि खिशात खडीसाखर ठेवावी. साखर अचानक उतरू शकते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी भाजी-फळंही विचारूनच वाढवावीत.

हे एकमेकींच्या मागे लागणं खरंच उपयोगी पडतं का, की आम्हीच आपली समजूत घालतोय, हाही प्रश्न पडला. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या नेय्याट्टिनकरा तालुक्यात याची नीट पाहणी झाली आहे. मधुमेहाचा धोका असलेले १००७ लोक निवडले आणि काही भागांत त्यांचे गट केले. गटाचा म्होरक्या डॉक्टर नव्हता, त्यांच्यातलाच एक होता. एकत्र बसणं, परसबाग लावणं, योगासनं करणं असं त्याचं स्वरूप होतं. दोन वर्षांनी गटांत मधुमेह झालेले १४.९ टक्के निघाले, इतरांत १७.१. खरं सांगायचं तर हा फरक इतका लहान आहे की तो गटामुळेच पडला असं अभ्यासकांनाही म्हणता आलं नाही. पण गटातल्या लोकांचं भाजी-फळं खाणं मात्र वाढलं. दुसरा अभ्यास चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूचा, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला. साखर वाढू लागलेल्या ५३७ पुरुषांना सुरुवातीला सारखाच सल्ला दिला. निम्म्यांना पुढे दोन वर्षं मोबाईलवर आहार-व्यायामाची आठवण करून देणारे संदेशही पाठवले. संदेश मिळालेल्यांत १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांत २७ टक्क्यांना. सल्ला दोघांनाही एकच होता. फरक पडला तो कुणीतरी आठवण करत राहिल्याने.

एकट्या साखरेचा आजार आज देशात १० कोटींहून अधिक लोकांना आहे, असं आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालात आलं. आमच्या मोहल्ल्यात तांदळाच्या डब्यांमागे आणखी किती पट्ट्या असतील?

भाभींची तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी आता दोनदा झाली. आकडा उतरला आहे, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या सातच्या खाली अजून आलेला नाही. गोळ्या चालू आहेत, पट्टी मात्र आता फडताळात समोरच असते. काही सकाळी त्या अजूनही दार उघडत नाहीत. मधल्या काळात आमच्यातल्या एकीचा रक्तदाब वाढलेला निघाला, आणि तिच्या दारावर पहिली थाप भाभींची पडली.

येत्या थंडीत पुतण्याचा वलीमा आहे. मागच्या रविवारी बावर्चीला बोलावून बेत ठरवत होतो. दालच्यात दुधी डाळीच्या दुप्पट घाला, शेजारी काकडी-मुळ्याची कोशिंबीर भरपूर ठेवा आणि जर्द्याऐवजी फळं, असं भाभींनी सांगितलं. बावर्ची पेन थांबवून म्हणाला, "बाजी, लोक म्हणतील मटण कमी पडलं म्हणून भाजी घातली."

"म्हणू देत," भाभी म्हणाल्या. "वाढायला मी स्वतः उभी राहणार आहे. कसमही मीच घालीन."

जर्द्यावरून मात्र घरात अजून वाद चालू आहे.