खोडता न येणारी रेघ

पेन्सिलीने काढताना खोडरबर हाताशी असतं. शाईत ती सोय नाही. आधी काहीही न ठरवता, रेघ नेईल तिकडे जात चित्र काढण्याची साधना याच अडचणीवर उभी आहे. मन शांत व्हावं म्हणून हल्ली बरेचजण ती करू लागले आहेत. पण शांतता नुसत्या मोकळीकीतून मिळते, हे मला पटत नाही. पडलेला डाग मान्य करायचा आणि पुढची रेघ त्याला धरून ओढायची, एवढंच हातात उरतं, तेव्हा मनाला भटकायला वाव राहत नाही.

शाईकडे असं लक्ष देणं आपल्याला नवं नाही. दासबोधाच्या 19व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वळण एकसारखं राहावं, हा समर्थ रामदासांचा आग्रह. परमार्थाच्या ग्रंथात त्यांना याची गरज वाटली, याचं मला फार मोल वाटतं. पुढे मोडी लिपीचा अभ्यास करणारे सुलेखनकार अच्युत पालव यांच्या कुंचल्यातून अक्षर कधी कधी नुसत्या फटकाऱ्यापर्यंत येऊन थांबतं; 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपुरात 1924 साली जन्मले, 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडले. झेन विचाराचा त्यांच्यावर खोल ठसा होता. ते तासन्‌तास कॅनव्हाससमोर बसत आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी करत. 1984च्या सुमारास अपघात झाला, मोठे कॅनव्हास हाताळणं अवघड झालं आणि ते कागद-शाईकडे वळले. त्या कागदांवर लिपीसारख्या खुणा आहेत, पण त्या कुठल्याच भाषेच्या नाहीत. वाचता येत नाहीत म्हणूनच आपण त्या नीट पाहतो.

चित्रकार नसरीन मोहमदींपाशी मात्र मी सर्वांत जास्त थांबतो. 1972पासून त्या बडोद्यात शिकवत होत्या. 1990 साली अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. त्यांच्या रेघा आखणीच्या साधनांनी काढलेल्या, काटेकोर. मग त्यांना सहज कसं म्हणायचं? मला वाटतं, सहजता हाताच्या सैलपणावर ठरत नाही. पुढची रेघ किती अंतरावर, किती फिकी, हे त्या आधीच्या रेघेकडे पाहूनच ठरवत असणार. त्यांना स्नायूंवरचा ताबा सुटत जाणारा आजार होता, तरी रेघ ढळली नाही. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीख नाही. 2016 साली न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर हे संग्रहालय उघडलं, ते ज्या प्रदर्शनांनी, त्यांतलं एक त्यांचं होतं.

विज्ञानाचाही थोडा आधार आहे. संशोधक गिरिजा कैमल यांच्या 2016च्या अभ्यासात 39 प्रौढांनी 45 मिनिटं कलाकाम केलं आणि सुमारे 75 टक्क्यांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक घटलं. त्यात मार्कर, माती, चिकटकाम सगळंच होतं, तेव्हा हे श्रेय एकट्या शाईला देता येणार नाही.

नवी मुंबईतल्या नेरूळमध्ये ही साधना करताना खाडीची हवा आधी समजून घ्यावी लागते. जुलैत कागद दमट होतो, रेघ फुटते, थर वाळायला वेळ लागतो. पातळ कागद लगेच सुरकुततो, म्हणून निदान 200 जीएसएमचा घ्यावा. ड्रॉइंगची पक्की शाई फाउंटन पेनात भरू नये, ती आत वाळून पेन तुंबतो. तिच्यासाठी टाक किंवा कुंचलाच बरा. कागद लहान असावा. एक ठिपका द्यायचा आणि तिथून निघायचं, आकार ओळखीचा वाटू लागला की त्याला डोळे-पंख द्यायचा मोह टाळायचा. हिवाळ्यात पाम बीच मार्गापलीकडच्या पाणथळीत रोहित उतरतात. त्यांचं चित्र काढायला तिथे जरूर जावं, पण ते काम वेगळं. या साधनेसाठी ओहोटीनंतर गाळात उरलेल्या पाण्याच्या वाटा पाहाव्यात. कुठे फाटा फुटतो, कुठे वाट अचानक संपते, हे डोळ्यात साठलं की ते नंतर हातातून आपसूक येतं.

काढून झालेला कागद लगेच कुणाला दाखवू नये. कौतुक झालं तर दुसऱ्या दिवशी हात तेच पुन्हा काढायला बघतो.