नाणं ग्रेडिंगला पाठवताय? आधी ‘डिक्लेअर्ड व्हॅल्यू’ समजून घ्या!



नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा जोडधंदा करणारे एक प्रश्न हमखास विचारतात: “सर, फॉर्मवर किंमत कमी लिहिली तर फी वाचते ना?”

नाही वाचत. उलट अंगाशी येतं. कसं ते बघू.

अमेरिकेत पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या ग्रेडिंगमधल्या दोन मोठ्या कंपन्या. नाणं अस्सल आहे का ते त्या तपासतात, १ ते ७० च्या शेल्डन स्केलवर दर्जा देतात आणि पारदर्शक डबीत सीलबंद करतात. फॉर्म भरताना प्रत्येक नाण्यापुढे आपण एक किंमत लिहायची. तीच डिक्लेअर्ड व्हॅल्यू.

ही किंमत दोन कामं करते

१. फीचा स्लॅब ठरवते. प्रत्येक सेवेला किमतीची कमाल मर्यादा असते. महाग नाणं, वरची सेवा, जास्त फी. तुम्ही मुद्दाम कमी लिहिलंत आणि नाणं मर्यादेबाहेरचं निघालं, तर कंपनी वरच्या सेवेची फी लावते. म्हणजे बचत शून्य.

२. परतीच्या पोस्टाचा विमा ठरवते. ८०० डॉलरचं नाणं २०० लिहून पाठवलं आणि वाटेत हरवलं, तर ८०० कुठल्या कागदावर मागणार? आणि जाताना पार्सलचा विमा आपणच काढायचा, हे विसरू नका.

फुगवून लिहिलं तरी तोटाच. फी आणि विमा दोन्ही उगाच वाढतात.

मग लिहायचं काय?

प्रामाणिकपणे जो दर्जा अपेक्षित आहे, त्या दर्जाची बाजारातली किंमत. दोन्ही कंपन्यांचे भावतक्ते ऑनलाइन आहेत, लिलावांचे झालेले भावही बघा. वर्ष आणि टांकसाळीची खूण नीट वाचा. दोन्ही मॉर्गन डॉलरच, पण १९२१ साली फिलाडेल्फियात ४ कोटी ४६ लाखांहून जास्त पाडले गेले आणि १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत फक्त १ लाख. भाव एक कसा असेल?

आता वही-पेन घ्या

हे आकडे फक्त हिशेबासाठी धरलेत. पाठवताना त्या दिवसाचं दरपत्रक बघा.

नाण्याची खरेदी ९० डॉलर. ग्रेडिंग फी नाण्यामागे ३०. फॉर्मचा हँडलिंग चार्ज आणि जाण्या-येण्याचं पोस्ट-विमा मिळून ६०.

एकच नाणं पाठवलं: ९० + ३० + ६० = १८०.
सहा एकत्र पाठवली: ६० सहा जणांत वाटले, म्हणजे प्रत्येकी १०. एक नाणं पडलं १३० ला.

चांगला दर्जा मिळून ते १५० ला विकलं गेलं, तर पहिल्या हिशेबात ३० चा तोटा, दुसऱ्यात २० चा नफा. नाणं तेच!

पण थांबा. सहापैकी दोन नाणी आधीच्या मालकाने चिंच लावून चकचकीत केलेली निघाली तर? घासलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही, ‘डिटेल्स’ असा शेरा येतो. ती ७० ला गेली, तर प्रत्येकी ६० चा तोटा. चार नाण्यांचा नफा ८०, दोघांचा तोटा १२०. हातात उणे ४०. विक्रीचं कमिशन तर अजून धरलेलंच नाही!

लक्षात ठेवा, फी तपासणीची असते, चांगल्या दर्जाची नाही. दर्जा मनासारखा आला नाही म्हणून फी परत मिळत नाही.

भारतातून पाठवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं

शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. आजोबांच्या पेटीतला राणी छापाचा रुपया कुरिअरमध्ये टाकायचा विचारही करू नका.

आजचा गृहपाठ: तुमच्याकडची पाच नाणी काढा. प्रत्येकापुढे तीन आकडे लिहा: आज आहे तशी किंमत, अपेक्षित दर्जाची किंमत आणि ‘डिटेल्स’ आलं तर किंमत. मग एकूण खर्च मांडा. जे नाणं या हिशेबात टिकतं, तेच पाठवा. बाकीची तशीच विका.

धंद्यात नाण्यावर प्रेम करा, पण आधी हिशेब करा!