तालमीची मिळकत

पवनाकांठचें पिंपळे गुरव हें एके काळचें शेतकऱ्यांचें गांव आज पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वस्तींत मिसळून गेलें आहे. तेथील नाट्यगृहास निळू फुले यांचें नांव दिलेलें आहे, तें अनेक अर्थांनीं समर्पक होय. १९३० सालीं जन्मलेले निळूभाऊ तरुणपणीं पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयांत माळीकाम करीत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांत ते घडले, आणि पुढें ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानें त्यांचें नांव घरोघरीं पोंचलें.

असा भाग्योदय सर्वांच्याच वांट्यास येत नाहीं. मग कारखान्यांतून किंवा कचेरींतून थकून आलेल्या माणसानें तालमीस कां जावें? घरांतील वडील माणसें हा प्रश्न विचारतात, आणि तो गैरवाजवी नाहीं. भरतमुनींनीं अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांच्या आधारें त्याचें उत्तर देतां येईल.

पहिला वाचिक. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोंचवावयाचा तर घसा ताणून भागत नाहीं. श्वास पोटांतून घ्यावा लागतो, आणि अर्थ जेथें विसांवतो तेथेंच थांबावें लागतें. ही संवय जडलेला मनुष्य सभेंत बोलतांनाहि कमी अडखळतो. दुसरा आंगिक. हालचालीशीं जोडलेलें वाक्य नुसत्या घोकंपट्टीपेक्षां अधिक पक्कें स्मरणांत राहतें. तेव्हां देहाबरोबर स्मरणशक्तीसहि व्यायाम घडतो.

तिसरा सात्त्विक. दुष्ट मनुष्य उभा करावयाचा तर तो स्वतःस दुष्ट समजत नाहीं, हें आधीं उमगावें लागतें. १९७२ सालीं सखाराम बाइंडर रंगविणारे आणि चित्रपटांत खलपुरुष म्हणून गाजलेले निळूभाऊ व्यवहारांत मृदु होते, व सामाजिक कृतज्ञता निधीसारख्या कार्यांत रमत. दुसऱ्याच्या मनांत शिरून सुखरूप परत येण्याची ही विद्या संसारांतहि उपयोगी पडते. चौथा आहार्य, म्हणजे वेष, रंग, नेपथ्य. योग्य क्षणीं पडदा ओढणारा गडी नटाइतकाच जबाबदार असतो. संकोची माणसाला येथूनच आरंभ करतां येतो.

चित्रपटांत चुकलेलें दृश्य पुन्हा घेतां येतें. रंगभूमीवर तशी सोय नाहीं. सोबती वाक्य विसरला तर त्याला सांवरून पुढें न्यावें लागतें. छाती धडधडत असतां काम पार पाडतां येतें, हा अनुभव दहा वेळां आला कीं भीतीचा दरारा ओसरतो.

हा लाभ स्त्रियांस फार काळ नाकारला गेला. १९३३ सालीं नाट्यमन्वंतराच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत स्त्रीभूमिका स्त्रियांनींच केल्या, त्या वेळीं केवळ अभिनयच सुधारला असें नव्हे. चार लोकांसमोर निःशंकपणें उभें राहण्याचें शिक्षणहि त्यांना मोकळें झालें.

या शिक्षणाची किंमत मात्र द्यावी लागते. महिना-दोन महिने संध्याकाळ घराला मिळत नाहीं, आणि टाळ्यांची चटक लागली तर अहंकारहि वाढतो. डॉ. श्रीराम लागू यांनीं १९६९ सालीं शल्यवैद्यकी सोडून रंगभूमि पत्करली, परंतु डॉ. मोहन आगाशे यांनीं मानसोपचार आणि नाटक हीं दोन्हीं सांभाळलीं. बहुतेकांचा मार्ग दुसराच असणार. म्हणून घरच्यांशीं आधीं बोलून वेळ ठरवावा, आणि पहिली भूमिका लहानच घ्यावी. प्रयोग दोन-तीन घटकांत संपतो. तालमींत कमावलेला आवाज, स्मृति आणि समजूत घरीं येते.