गार फरशी आणि विजेचे बिल

६ डिसेंबरला चैत्यभूमीहून परतलो की धुळे-जळगावकडे थंडी बोचू लागते. धुळ्यात पारा १० अंशांखालीही उतरतो. फरशीवर अभ्यासाला बसलेली मुले पाय आखडून घेतात.

जुन्या फरशीवर तापणाऱ्या तारांची जाळी अंथरून वर नवी टाइल बसवता येते. पण १०० चौरस फुटांना साधारण १ किलोवॅट लागतो, म्हणजे तासाला १ युनिट. रोज ४ तास सलग चालवली तर महिन्याला १२० युनिट! शिवाय फरशी उंचावते, दार घासते, अर्थिंग पक्के लागते. भाड्याच्या खोलीत तर विचारच नको.

दोन महिन्यांच्या थंडीला गोणपाट आणि त्यावर जाड गोधडी पुरे, असे आम्हांस वाटते. उघड्या तारेची विजेची शेगडी मात्र मुलांजवळ, ओल्या फरशीवर ठेवू नका.