मूळ नाव आणि टोपणनाव

संस्थेचे संकेतस्थळ उघडताना पालक बहुधा नुसते मूळ नाव टंकतात. आरंभी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावीत नाहीत. हे मूळ नाव चालले नाही, तर प्रवेशाची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि ते चालावे म्हणून चुकीची नोंद केली, तर संस्थेचा ईमेलच बंद पडू शकतो. म्हणून या नावामागील व्यवस्था आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

नावावरून संगणकाचा आकडी आयपी पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली तिचा आराखडा मांडला. एका नावाखालील नोंदींच्या संचाला ‘झोन’ म्हणतात. झोनच्या मुळाशी दोन नोंदी अनिवार्य असतात : व्यवस्थापनाची माहिती देणारी ‘एसओए’ आणि उत्तरे देणारे सर्व्हर सांगणारी ‘एनएस’. ईमेल कोठे पोहोचवायचा हे सांगणारी ‘एमएक्स’ नोंदही बहुधा तेथेच असते.

‘सी-नेम’ ही टोपणनावाची नोंद. ‘या नावाची चौकशी त्या नावाकडे करा,’ एवढेच ती सांगते. त्यामुळे भाड्याच्या सर्व्हरचा पत्ता बदलला तरी आपल्याला काही बदलावे लागत नाही. परंतु १९८७ च्या नियमानुसार सी-नेम असलेल्या नावाला अन्य नोंद असता कामा नये. अन्यथा टोपणनाव आणि खरे नाव यांची माहिती परस्परविरोधी होईल. मुळाशी तर एसओए व एनएस आधीच असतात. म्हणून तेथे सी-नेमला जागा नाही. ती बळेच ठेवल्यास ईमेल पाठविणारा सर्व्हर टोपणनावामागे भलतीकडे जाऊ शकतो.

यावर काही सेवादात्यांनी ‘एलियास’ नोंदीचा उपाय काढला. कोणी तिला ‘एनेम’, तर कोणी ‘फ्लॅटनिंग’ म्हणतात. येथे झोनचा सर्व्हर दुसऱ्या नावाचा शोध स्वतःच घेतो आणि विचारणाऱ्याला केवळ आयपी पत्ता देतो. टोपणनाव बाहेर दिसतच नाही. त्यामुळे नियम मोडत नाही आणि ईमेलही सुरक्षित राहतो.

या सोयीला मर्यादाही आहेत. शोध सर्व्हर घेत असल्यामुळे वाचकाऐवजी सर्व्हरला जवळचा पत्ता मिळू शकतो. शिवाय ही नोंद सर्वमान्य प्रमाणात बसत नसल्याने सेवादाता बदलताना ती तशीच नेता येत नाही. २०२३ साली प्रमाणित झालेली ‘एचटीटीपीएस’ नोंद मुळाशी चालते. मात्र ती संकेतस्थळापुरतीच आहे आणि ब्राउझरला ती कळावी लागते.

म्हणून नाव विकत घेण्यापूर्वीच, मुळाशी एलियास ठेवता येईल काय, हे सेवादात्यास विचारावे, अशी आमची संस्थाचालकांना विनंती आहे.