पानावरची लव

मी सेलूला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. वर्गातली बरीच पोरं दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचणारी. ‘हर्सूट’ हे विशेषण समोर आलं की शब्दकोशातलं ‘केसाळ’ वहीत उतरवून ती मोकळी होतात. मग कुणीतरी विचारतं, “मॅडम, ‘हेअरी’ असताना हा कशाला?”

‘हेअरी’ रोजच्या बोलण्यातला, ‘हर्सूट’ जरा भारदस्त. एखाद्याच्या भरघोस दाढीबद्दल लिहिताना इंग्रज तो मुद्दाम गंभीर चेहऱ्यानं वापरतात. गंमत त्या भारदस्तपणातच असते. डॉक्टरांकडं मात्र गंमत संपते. बाईच्या ओठावर, हनुवटीवर राठ केस येतात त्याला ‘हर्सुटिझम’ म्हणतात आणि पीसीओएस हे त्याचं नेहमीचं कारण. त्यामुळं मुलींना मी सांगते, हा शब्द कुणाला चिडवायला वापरू नका.

त्याचा खरा उपयोग वनस्पतिशास्त्रात. तिथं नुसतं ‘केसाळ’ म्हणून भागत नाही. गुळगुळीत पान ‘ग्लॅब्रस’, आखूड मऊ लवेचं ‘प्युबेसंट’, लोकरीसारखी गुंतलेली लव असेल तर ‘टोमेंटोज’ आणि लांब, राठसर केसांचं ‘हर्सूट’. (‘प्युबेसंट’ म्हणजे वयात येणारा, हेही पोरांना ठाऊक असतं, पुढची पाच मिनिटं वर्ग हातात राहत नाही.)

लिनियसनं १७६३ साली अमेरिकन कापसाला ‘गॉसिपियम हिर्सुटम’ नाव दिलं ते ‘हर्सूट’च्याच मूळ लॅटिन शब्दावरून. जगातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस आज या जातीचा आहे. २००२ नंतर आपल्या शिवारात आलेली बीटी सरकीही बहुतेक हीच. पोरांना वाटतं, नाव बोंडातल्या रुईवरून पडलं असेल. नाही, ते झाडाच्या अंगावरच्या लवेवरून. पान उलटं करून उन्हात तिरपं धरा, शिरांच्या कडेनं ती दिसते. तुडतुडा हा कापसावरचा किडा त्या शिरांतच अंडी घालतो. लव दाट आणि लांब असली की त्याला ते जड जातं. गुळगुळीत पानाचं झाड मात्र लवकर कोकडतं, पानांच्या कडा लाल पडतात.

म्हणून लव जितकी जास्त तितकं चांगलं, असंही नाही. पांढऱ्या माशीला लवेचं पान आवडतं. शिवाय वाळलेल्या लवदार पानाचा चुरा वेचणीच्या वेळी कापसाला असा चिकटतो की निवडता निवडता बोटं दुखतात. यंत्रानं वेचणी होते त्या देशांत तर गुळगुळीत पानाचेच वाण पसंत करतात.

सगळाच कापूस ‘हिर्सुटम’ नसतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात, महेबूब बागेच्या केंद्रावर, गावरान कापसाचं काम चालतं. त्याची जात वेगळी, ‘आर्बोरियम’, म्हणजे झाडासारखा. या नावाचा अर्थ मात्र पोरं न सांगता ओळखतात. घरामागं पुरुषभर वाढलेली जुनी देवकापशी कुणी ना कुणी पाहिलेली असते.