उपचारातून प्रतिबंध : भोसरीतील एका संशोधनाचा धडा

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण ही नावे उच्चारताच डोळ्यांसमोर कारखाने, कामाच्या पाळ्या आणि मालमोटारींच्या रांगा उभ्या राहतात. आपल्या शाळेच्या अनेक माजी विद्यार्थ्यांचा आणि पालकांचा चरितार्थ याच पट्ट्यात चालतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतच पूर्वी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या या संस्थेची स्थापना १९९२ साली झाली. एचआयव्हीच्या उपचाराविषयी जगाची समजूत बदलणाऱ्या एका संशोधनात तिचा वाटा आहे. ते संशोधन काय होते आणि त्याचा आपल्या वस्त्यांशी काय संबंध, हे सांगण्यासाठी हा लेख.

संसर्गजन्य रोगाशी समाजाने कसे लढावे, हा प्रश्न महाराष्ट्राला १८९७ च्या प्लेगने विचारला होता. त्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसर परिसरातील दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्यातच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मुंबईत डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची तुलनात्मक परीक्षा केली. लस न घेतलेल्या कैद्यांपैकी १२ आजारी पडले व ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, दगावले कोणीही नाही. सावित्रीबाईंची करुणा आणि हाफकिन यांचा पुरावा या दोन्हींवाचून साथीशी लढा पुरा होत नाही. मात्र तुरुंगातील माणसाने दिलेला होकार कितपत मुक्त मानावा, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. आज तो विचारावाच लागतो.

आता भोसरीकडे वळू. एचआयव्ही हा विषाणू शरीराचे रक्षण करणाऱ्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. औषधे त्याची वाढ रोखतात. त्यामुळे रक्तातील व शरीरस्रावांतील विषाणूंचे प्रमाण घटते. पूर्वी या पेशींची संख्या बरीच खाली आल्यावरच औषधे सुरू करण्याची पद्धत होती. संशोधकांपुढे प्रश्न असा होता : औषधे लवकर दिली, तर रुग्णाबरोबर त्याच्या जोडीदाराचेही रक्षण होईल काय?

उत्तर शोधण्यासाठी ‘एचपीटीएन ०५२’ या चाचणीत नऊ देशांतील १,७६३ जोडपी सहभागी झाली. प्रत्येक जोडप्यात एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती. भारतात पुणे आणि चेन्नई ही केंद्रे होती. पुण्याचे काम या संस्थेने पाहिले. चिठ्ठी टाकावी तशी निवड करून जोडप्यांचे दोन गट केले गेले. एका गटातील रुग्णांना औषधे लगेच मिळाली, दुसऱ्या गटातील रुग्णांना तत्कालीन प्रथेनुसार नंतर. समुपदेशन आणि निरोध दोन्ही गटांना सारखेच मिळाले. निवड संशोधकाच्या मर्जीवर नसल्यामुळे निष्कर्षात पक्षपाताला वाव राहिला नाही.

मे २०११ मध्ये निकाल जाहीर झाला. रुग्णाकडून जोडीदाराला लागण झाल्याच्या २८ घटना सिद्ध झाल्या. त्यांपैकी २७ उशिरा उपचार मिळालेल्या गटातील होत्या, केवळ एक लवकर उपचार मिळालेल्या गटातील. धोका ९६ टक्क्यांनी घटला होता. देखरेख करणाऱ्या स्वतंत्र मंडळाच्या शिफारशीवरून निकाल मुदतीपूर्वीच जाहीर केला गेला आणि उशिराच्या गटालाही औषधे देऊ करण्यात आली. पुढे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि २०१७ मध्ये भारत सरकारने निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण स्वीकारले. औषधे नियमित घेऊन विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले.

‘गरिबांवर प्रयोग करतात’ ही शंका आपल्या वस्त्यांत ऐकू येते. इतिहास पाहता ती निराधार म्हणता येत नाही; पण तिचे उत्तर संशोधनाकडे पाठ फिरवणे नव्हे, हक्क जाणून घेणे हे आहे. चाचणीची माहिती आपल्या भाषेत मिळणे, नकार देता येणे, केव्हाही बाहेर पडता येणे आणि त्यामुळे नेहमीचे उपचार न थांबणे, हे सहभागी व्यक्तीचे हक्क आहेत. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व नुकसानभरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

मात्र औषधे विषाणूला दाबून ठेवतात, शरीरातून समूळ काढून टाकत नाहीत. म्हणून ती आयुष्यभर, खंड न पडता घ्यावी लागतात. आपल्या पट्ट्यातील खरी अडचण इथेच आहे. कंत्राटी कामगाराची रजा म्हणजे बुडालेला रोज. ठेकेदार बदलला की पत्ता बदलतो आणि औषध सुटते. सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात आणि गाव बदलल्यास नोंद दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येते, हे प्रत्येक कामगाराला ठाऊक असले पाहिजे. १०९७ या क्रमांकावर मोफत मार्गदर्शन मिळते.

दुसरी अडचण मनातली आहे. एचआयव्ही स्पर्शाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. तरी रुग्णाचे ताट वेगळे केले जाते. वेगळे ताट आणि वेगळा पाणवठा यांचा अर्थ आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. ज्यांच्या पूर्वजांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांच्या घरात स्पर्शबंदीला थारा कसा असेल? २०१७ च्या कायद्याने नोकरी, शिक्षण व उपचार यांत एचआयव्हीग्रस्तांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. त्यांच्या संमतीवाचून चाचणी करता येत नाही आणि नोकरीसाठी तिची अटही घालता येत नाही.

अतिसाराने खितपत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुऊन स्वच्छ केले, अशी कथा विनयपिटकात आहे. रोग हे पूर्वकर्माचे फळ मानून रुग्णाला दूर सारणाऱ्यांना ती कथा उत्तर देते. रोगाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, हेच भोसरीच्या संशोधनाने सिद्ध केले. वेळेवर चाचणी करून घेणे, औषध न सोडणे आणि रुग्णाला आपल्या पंगतीत बसवणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.